आधीं प्रात्यक्षिक, मग ओटीपी

आपल्या मासिकांत बी-बियाणें, खतें, द्राक्षांवरील रोग, कांद्याची चाळ इत्यादि विषयांवर जाणत्या मंडळींचे लेख नेहमीं येत असतात. आजचा माझा विषय त्यांपैकीं नव्हे. तथापि जमीन, पीक आणि पैसा या तिहींच्या दारांस हल्लीं जें एक नवें कुलूप बसलें आहे, त्याविषयीं शेतकरी बंधूंस चार शब्द सांगणें मला कर्तव्य वाटतें. तें कुलूप म्हणजे ओटीपी. मोबाईलवर येणारा, एकदांच चालणारा व थोड्याच मिनिटांत बाद होणारा आंकडा. माझें म्हणणें प्रारंभींच सांगून टाकतों. बियाण्याचें नवें वाण निघालें म्हणजे आपण सगळी जमीन त्याखालीं आणीत नाहीं. आधीं प्रात्यक्षिकाच्या वाफ्यांत तें पाहतों. त्याचप्रमाणें ज्यांत खरी जमीन गुंतलेली नाहीं व खरा पैसा अडकलेला नाहीं अशा एखाद्या नमुना-ॲपवर ओटीपीचा सराव शेतकऱ्यास आधीं करावयास मिळाला पाहिजे, आणि असें नमुना-ॲप आपल्या संघानें आपल्या कचेरींत स्वतः मांडावें.

हें सांगण्याचा मला अधिकार काय, असें कोणी विचारील. मी मराठी शाळेंत शिकलेला मनुष्य. यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे. परंतु माझी सारी नोकरी नाशिक जिल्ह्यांतील तहसील कचेऱ्यांत सातबारा, फेरफार आणि दाखले यांच्या कागदांत गेली. समोर उभा राहिलेला इसम तोच खातेदार कीं दुसरा कोणी, हें ठरविणें आमच्या कामाचें अर्धें अंग होतें. यंत्रानें आतां तेंच काम आपल्याकडे घेतलें आहे. म्हणून त्यांतील खाचाखोचा माझ्यासारख्यास थोड्याबहुत दिसतात.

ओळख पटविण्याची अडचण आपल्या पूर्वजांसही होतीच. मराठेशाहींतील जुन्या कागदांवर शेतकऱ्याच्या सहीच्या जागीं नांगराचें चित्र काढलेलें आढळतें व त्यापाशीं ‘निशाणी नांगर’ असे शब्द असतात. परंतु निशाणी कोणीही काढूं शकेल, हें त्या लोकांस पक्कें ठाऊक होतें. म्हणून खालीं साक्षीदारांचीं नांवें घालण्याचा प्रघात होता. पुढें बंगाल्यांत जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें १८५८ सालीं रस्त्याची खडी पुरविणाऱ्या कंत्राटदाराकडून करारनाम्यावर हाताचा पंजा उमटवून घेतला. बोटांच्या ठशांची सरकारी कचेरी कलकत्त्यास १८९७ सालीं निघाली. ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द तर आपल्यांपैकीं प्रत्येकानें आजोबांच्या कागदांवर वाचलेच असतील. आपल्या काळांत आधार आलें. २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक आपल्याच नाशिक विभागांत, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यांतील टेंभली या गांवीं देण्यांत आले. नांगर, अंगठा, साक्षीदार या सर्व रीतींत एक गोष्ट समान होती. ओळख देणारा व ओळख घेणारा हे एकमेकांच्या समोर उभे असत. ओटीपीनें नेमकी तीच गोष्ट काढून टाकली आहे.

ओटीपीची रीत वस्तुतः सोपी आहे. आपण संकेतस्थळावर अथवा ॲपमध्यें आपला मोबाईल क्रमांक घालतों. पलीकडील यंत्र त्या क्षणीं एक आंकडा काढतें, त्याची थोडा वेळ टिपून ठेवलेली खूण आपल्यापाशीं ठेवतें, व तो आंकडा संदेशानें त्या क्रमांकावर धाडतें. आपण तो वाचून रकान्यांत भरला व दोहोंचा मेळ बसला, म्हणजे दार उघडतें. आतां यावरून यंत्रास कळलें काय? एवढेंच कीं, त्या घटकेस तो मोबाईल ज्याच्या हातीं आहे त्याला तो आंकडा वाचतां आला. तो खातेदार आहे, त्याचा मुलगा आहे, कीं खातेदारास फोन करून आंकडा काढून घेतलेला कोणी परका आहे, हें यंत्रास दिसत नाहीं.

कुलूप कच्चें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. सहा अंकी ओटीपीचे दहा लक्ष प्रकार संभवतात. तीनच वेळां चुकण्याची मुभा ठेवली, तर नुसत्या अंदाजानें दार उघडण्याचा संभव दहा लक्षांत तीन एवढाच राहतो. म्हणूनच चोर अंदाज करीत बसत नाहीं. तो सरळ धन्यासच फोन करून किल्ली मागतो, आणि धनी ती देतो. कारण ती किल्ली आहे हें त्यास कोणीं कधीं शिकविलेलेंच नसतें.

आणि हें कुलूप आतां आपल्या किती दारांस आहे पाहा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळूं लागला. महाभूमीच्या संकेतस्थळावर मोबाईल क्रमांक व ओटीपी घालून आंत जातां येतें व १५ रुपयांत उतारा काढतां येतो. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची योजना २०१९ च्या फेब्रुवारींत सुरू झाली. वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं मिळावयाचे, तर त्यास ई-केवायसी लागते, व ती करण्याच्या मार्गांत आधारशीं जोडलेल्या मोबाईलवरील ओटीपी हा एक प्रमुख मार्ग आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः आपल्या मोबाईलवरून करावी अशी ई-पीक पाहणी आली. राज्याच्या कृषि योजनांचा लाभ घेण्यास १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. त्याच्या नोंदणींतही आधारची ओळख व अखेरची डिजिटल सही ओटीपीनेंच होते. बँकेचें तर सांगावयासच नको. तात्पर्य, ज्यास ओटीपी सांभाळतां येत नाहीं त्याचें दार एक तर बंद राहतें, नाहीं तर दुसऱ्याच्या हातानें उघडतें.

आतां माझीच एक चूक सांगतों. नोकरींत असतां असे कित्येक खातेदार येत कीं ज्यांजपाशीं मोबाईल नसे, किंवा असला तरी क्रमांक पाठ नसे. अर्जांतील मोबाईलचा रकाना रिकामा ठेवून अर्ज पुढें सरकत नसे. दयेनें म्हणा, कीं काम उरकण्याच्या घाईनें म्हणा, त्या रकान्यांत मीं कित्येकदां माझा स्वतःचा क्रमांक घातला. म्हातारीं माणसें दुवा देऊन जात, व मलाही आपण परोपकार केला असें वाटे.

निवृत्त झाल्यावर एके दिवशीं दुपारीं माझ्या मोबाईलवर एक ओटीपी आला. मीं कांहींच मागितलें नव्हतें. पांच मिनिटांनीं एका गांवाहून फोन आला. “भाऊसाहेब, आंकडा आला असेल, तेवढा सांगतां का?” आवाज तरण्या पुरुषाचा होता, आणि ज्या खातेदाराचें नांव त्यानें सांगितलें ती एक विधवा म्हातारी होती. नांव माझ्या ओळखीचें होतें, आवाज नव्हता. तो तिच्या वतीनें बोलत होता कीं तिच्या नांवावर, हें समजण्यास मला कांहींच मार्ग नव्हता. जन्मभर माणसें ओळखण्याचें काम केलेला मी, त्या क्षणीं अगदीं आंधळा झालों. मीं आंकडा सांगितला नाहीं. दुसऱ्या दिवशीं एस. टी. नें त्या गांवीं गेलों.

फोन करणारा तिचा पुतण्या होता व तो खराच निघाला. म्हातारी त्या वेळीं त्याच्या शेजारींच बसली होती. माझ्या नकारामुळें तिचा दिवस व गाडीभाडें वायां गेलें होतें. तो खोटा असता आणि मीं होकार दिला असता, तर तिचें काय गेलें असतें याचा विचार वाचकांनींच करावा. मीं तिला विचारलें, “आजी, ओटीपी म्हणजे काय, ठाऊक आहे ना?” ती म्हणाली, “तुमचाच आंकडा ना भाऊसाहेब तो? तुम्ही देतां, मग काम होतें.” तिच्या घराची किल्ली मीं खिशांत घालून नेली होती, आणि ती किल्ली माझीच आहे असें तिला वाटत होतें! त्या दिवसापासून या विषयानें माझ्या मनांत घर केलें आहे.

मागाहून चौकशी करतां असें दिसून आलें कीं रोग तीन प्रकारचा आहे. पहिला, अर्जावरील क्रमांक खातेदाराचा नसणें. तो मुलाचा, दुकानदाराचा, किंवा माझ्यासारख्या एखाद्या भाऊसाहेबाचा असणें. दुसरा, क्रमांक एके काळीं आपला होता पण आतां बंद पडलेला असणें. बंद पडलेला क्रमांक निदान ९० दिवस राखून मग दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊं शकतो. म्हणजे आपला ओटीपी पुढें कोठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशांत वाजूं लागतो. तिसरा, क्रमांक आपला, मोबाईल आपल्या हातीं, पण विचारील त्यास आंकडा वाचून दाखविण्याची संवय. या तिन्ही रोगांवर फलकांवरच्या सूचना पुष्कळ झाल्या. “ओटीपी कोणास सांगूं नका” हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकलें आहे कीं तें आतां कानांस लागतच नाहीं. आणि त्याच वेळीं अर्ज भरून देणारा समोरचा माणूस “काका, ओटीपी सांगा” म्हणतो व आपण सांगतों. मग उपदेश खरा मानावा कीं व्यवहार?

याचें उत्तर उपदेशानें मिळावयाचें नाहीं. हातानें करून पाहिल्यानेंच मिळेल. शेतीचा इतिहास हेंच सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी समजूत असल्यामुळें शेतकरी तो घेण्यास धजत नव्हते. ती समजूत व्याख्यानांनीं गेली नाहीं. शेजाऱ्याच्या शेतांत नांगर चाललेला व पीक उभें राहिलेलें डोळ्यांनीं दिसलें तेव्हां गेली. मोबाईलच्या बाबतींत मात्र आपण उलट क्रम धरला आहे. पहिलाच प्रयोग खऱ्या जमिनीवर, खऱ्या खात्यावर, तोही शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशीं, मागें रांग उभी असतांना! असा शिकाऊ चुकला तर नवल नाहीं. न चुकला तर नवल.

म्हणून माझी योजना अशी आहे. संघाच्या कचेरींत एका टेबलावर एक संगणक व दोन जुने मोबाईल ठेवावे. संगणकावर एक लहानसें नमुना-ॲप असावें. त्याच्या प्रत्येक पानावर ठळक अक्षरांत “नमुना” हा शब्द असावा. आंत एक कल्पित गांव, कल्पित गट क्रमांक व कल्पित सातबारा असावा. शिकणाऱ्यानें क्रमांक घालावा, टेबलावरील मोबाईलवर ओटीपी यावा, तो त्यानें स्वतः वाचावा व स्वतः भरावा; मग तो कल्पित सातबारा उघडावा; आणि काम झाल्यावर “बाहेर पडा” हें बटण दाबून दार लावून घ्यावें. हें शेवटचें कलम पुष्कळ जाणतेही विसरतात व उघडें दार मागें ठेवून जातात.

असें ॲप उभारण्यास फार मोठा खटाटोप लागत नाहीं. अभियांत्रिकी शिकणारीं आपलींच मुलें अशीं नमुना-ॲपें सरावासाठीं तयार करीत असतात. खरा संदेश धाडावयाचा तर दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें संस्थेचें नांव व संदेशाचा मसुदा यांची आधीं नोंदणी करावी लागते, आणि संदेशागणिक पैसेही पडतात. परंतु प्रारंभीं त्याची गरज नाहीं. गूगलच्या फायरबेस या साधनांत चाचणीसाठीं कांहीं कल्पित क्रमांक व त्यांचे ठराविक ओटीपी आधींच नेमून ठेवतां येतात. तेथें संदेश प्रत्यक्ष जातच नाहीं, पण पुढील सर्व क्रिया खऱ्यासारखी घडते. आंकडा टेबलावरील मोबाईलच्या पडद्यावर दाखविण्याची तजवीज त्या मुलांनीं केली म्हणजे झालें.

नमुना-ॲपवर केवळ यश मिळवून भागणार नाहीं. चुकाही मुद्दाम करवून घेतल्या पाहिजेत. एकदां आंकडा मुद्दाम चुकीचा भरावा व काय होतें तें पाहावें. एकदां मुदत टळूं द्यावी, म्हणजे शिळा ओटीपी चालत नाहीं हें कळेल. तीनदां चुकून दार कांहीं वेळ बंद पडलेलें पाहावें, म्हणजे खऱ्या वेळीं घाबरगुंडी उडणार नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचा पाठ असा: शिकणारा ओटीपीची वाट पाहत असतां पलीकडच्या खोलींतून संघाच्याच एखाद्या माणसानें फोन करून गोड आवाजांत म्हणावें, “मी कचेरींतून बोलतों, आलेला आंकडा सांगा, नाहीं तर हप्ता थांबेल.” ज्यानें आंकडा सांगितला त्याचा पाठ अपुरा समजावा व त्यास पुन्हां बसवावें. येथें फसलें तर हंसण्यावारी जाईल; बाहेर फसलें तर रडावें लागेल. तशी पाळी आलीच, तर क्षणाचाही विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, हेंही त्याच टेबलावर शिकवावें.

या योजनेवर आक्षेप येतील. पहिला आक्षेप, “आमचीं मुलें हें सर्व करतात, आम्हांस शिकण्याची गरज काय?” मुलें करतात हें खरें, व त्यांचा आपणांस अभिमानच आहे. परंतु मुलगा पुण्यास नोकरीला गेला, त्यानें क्रमांक बदलला, अथवा भावाभावांत वांटणीचा वाद उभा राहिला, म्हणजे काय? ज्याच्या हातीं ओटीपी तोच व्यवहारांत खातेदार होऊन बसतो. विशेषतः ज्या बायकांच्या नांवें जमीन आहे त्यांनीं तरी हा सराव स्वतः केलाच पाहिजे. जमिनीची सही ज्याची त्यानें करावी, हा नियम ओटीपीमुळें रद्द झालेला नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. “अशा सरावानें लोकांस कोणत्याही पानावर क्रमांक व आंकडा भरण्याची संवय लागेल, आणि उद्यां एखादा लबाड याच नमुन्याच्या आडून खरेंच लुबाडील.” ही भीति मला मान्य आहे, म्हणूनच कांहीं अटी कडक पाळाव्या लागतील. नमुना-ॲपनें आधार क्रमांक किंवा बँकेचा खातेक्रमांक कधींही विचारूं नये. त्याचा संबंध कोणत्याही खऱ्या दफ्तराशीं नसावा. तें संघाच्या टेबलावरच चालावें. त्याचा दुवा कोणासही मोबाईलवर धाडूं नये. दिवसभरांत भरलेलें सर्व कांहीं संध्याकाळीं पुसून टाकावें. आणि पहिला पाठ आंकडा भरण्याचा नसून संदेश वाचण्याचा असावा: हा ओटीपी कोणीं पाठविला, कोणत्या कामासाठीं, किती रकमेसाठीं? वाचल्यावांचून भरावयाचा नाहीं, ही संवय लागली तर संवयीचें भय उरणार नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, ओटीपी तरी कोठें कायमचा आहे? हें खरें आहे. कार्डानें इंटरनेटवर पैसे देतांना ओळखीचा दुसरा टप्पा रिझर्व्ह बँकेनें १ ऑगस्ट २००९ पासून आवश्यक केला. आणि सप्टेंबर २०२५ मध्यें काढलेल्या नियमांत संदेशाच्या ओटीपीवांचून इतर साधनांसही तिनें वाट करून दिली. उद्यां चेहरा येईल, परवां आणखी कांहीं येईल. परंतु साधन बदललें तरी शिकवण तीच राहते: किल्ली आपल्या हातीं ठेवणें, दार कोणतें तें पाहूनच ती लावणें, व काम होतांच दार ओढून घेणें. नांगर लांकडी असो कीं लोखंडी, तास सरळ धरण्याची विद्या एकच.

सरकारासही या निमित्तानें दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. शेतकऱ्यांसाठीं निघणाऱ्या प्रत्येक नव्या ॲपमध्यें “सराव” या नांवाचें एक दार असावें, व योजनेची मुदत सुरू होण्यापूर्वीं तें कांहीं दिवस खुलें असावें. तसेंच अर्जांत मोबाईलच्या रकान्याशेजारीं “हा क्रमांक कोणाचा? अर्जदाराशीं नातें काय?” असा एक रकाना वाढवावा. कागद वाढतो म्हणून कोणी कुरकुर करील. पण तो रकाना पूर्वीं असता, तर माझ्यासारख्या शंभर भाऊसाहेबांची लेखणी जागच्या जागीं थांबली असती.

संघाच्या चालकांस ही सूचना पटल्यास त्यांनीं येत्या सभेंत ती विचारार्थ घ्यावी. टेबल मांडलें गेलें तर बाजाराच्या दिवशीं दुपारीं दोन तास तेथें बसून शिकविण्यास मी तयार आहें. त्याबद्दल मोबदला नको. माझा क्रमांक मीं ज्यांच्या अर्जांवर घातला, त्यांपैकीं आठवतील त्यांचीं नांवें मीं एका वहींत उतरून काढलीं आहेत, व एकेकाच्या गांवीं जाऊन त्याचा त्याचा क्रमांक लावून देण्याचें काम सुरू केलें आहे. पांच नांवें झालीं आहेत. बरींच बाकी आहेत. त्या आजींनीं पुतण्याकडून साधा बटणांचा मोबाईल घेतला आहे, पण आंकडा वाचतांना अजून त्यांचा हात कांपतो. पहिल्या दिवशीं टेबलापाशीं त्यांना आणून बसविण्याचा माझा विचार आहे.

एक निवृत्त महसूल कारकून, नाशिक